जावयाशी बोलणं गोड आहे तोवर

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

सव्वीस वर्षं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात काळा कोट घालून फिरते आहे. या सदराला येणारी पत्रं बहुतेक सातबारा, सोसायटी आणि पोटगी यांची असतात. या महिन्यात तीन पत्रं निराळी निघाली. तिन्ही घरांत मूल वाढतंय, पण आईवडिलांजवळ नाही. पहिल्या पत्राने जागा जास्त खाल्ली आहे, बाकीच्या दोघींनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला, जेलरोडवर राहते. वय 64. मिस्टर प्रेसमधून रिटायर झालेत, पेन्शन आहे. आमची मुलगी तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. जावई पुण्याला नोकरीला. तेराव्यानंतर म्हणाले, "आई, हिला थोडे दिवस तुमच्याकडेच राहू द्या, माझ्या शिफ्ट असतात." नात तेव्हा सहाची होती, आता नऊ पूर्ण झाली. थोडे दिवस अजून संपले नाहीत. मागच्या वर्षी जावयांनी दुसरं लग्न केलं, तेही आम्हीच करा म्हणालो होतो. माणूस वाईट नाही. दिवाळीला येतात, फ्रॉक आणतात, फोन करतात. पैसे कधी पाठवतात, कधी राहून जातं. आम्ही मागत नाही.

पण आमच्याकडे एकही कागद नाही. शाळेची सहल निघाली तर संमतीपत्रावर वडिलांचीच सही लागेल म्हणाले. पावसाळ्यात डेंग्यू झाला, ॲडमिट करताना "तुम्ही कोण?" असं तीनदा विचारलं. बँकेत तिचं खातं काढायला गेले, परत पाठवलं. मिस्टर म्हणतात, कोर्टाचं नाव काढलं तर जावयांना वाटेल आपण पोर तोडतोय, आणि रागाने घेऊन जातील. मुलीच्या चार पाटल्या आणि एक हार माझ्याकडे आहे, तो नातीसाठी ठेवलाय. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात असं शेजारीण म्हणते. पेन्शन असताना मागणं बरं दिसेल का? — एक आजी

उत्तर : ताई, तुमचे "थोडे दिवस" वाचले आणि पत्र खाली ठेवून आधी चहा केला. मला वडिलांनी तिवंध्यातल्या वाड्यात आजीकडे सोडलं ते "दोन महिन्यांसाठी". त्या दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. चौथीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर आजीने सही केली, खाली ठसक्यात "द. खुद्द" लिहिलं. शाळेतल्या क्लार्कने तो फॉर्म परत दिला. मामा एसटीने जळगावला जाऊन वडिलांची सही घेऊन आला, तोवर तारीख गेली होती. आजी त्या क्लार्कवर चिडली नाही. वडिलांवर चिडली, आणि त्यानंतर तीन वर्षं त्या दोघांत धड बोलणं नव्हतं. मधल्या मधे मी. कायद्याची पुस्तकं पुढे वाचली, पण कागद नसला की नात्याचं काय होतं हे मी नवव्या वर्षीच शिकले होते.

तुमचे मिस्टर म्हणतात त्याच्या अगदी उलट माझा सल्ला आहे. जावई वाईट नाहीत, येतात, बोलतात, म्हणूनच कागद आत्ता करायचा. भांडण झाल्यावर तुमच्याकडे येणारा कागद नोटिशीचा असेल.

आधी कडू ते सांगते. कायद्याने मुलीचे नैसर्गिक पालक तिचे वडीलच आहेत. दुसरं लग्न केल्याने ते पालकत्व जात नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे वडील हयात असतील आणि अयोग्य ठरत नसतील, तर कोर्ट मुलासाठी दुसरा पालक नेमत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आलं होतं. आई कॅन्सरने गेलेली, वडील आजारी पडल्यामुळे मूल मावशीच्या घरी वाढलेलं. वडील बरे झाले आणि मूल मागायला आले. कोर्टाने मूल वडिलांकडे दिलं, मावशीच्या घरच्यांना भेटण्याची मुभा ठेवली. मावशीने काही कमी केलं होतं असं नाही.

दुसरी बाजूही आहे. 2022 मध्ये, कोविडमध्ये आईवडील दोघंही गेलेल्या गुजरातमधल्या एका लहान मुलाचा ताबा उच्च न्यायालयाने मावशीला दिला होता, कारण ती तरुण आणि नोकरी करणारी. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून मूल वडिलांच्या आईवडिलांकडे दिलं. आजी-आजोबांचं वय जास्त आणि कमाई कमी एवढ्यावर त्यांना नाकारता येणार नाही, असं म्हटलं. म्हणजे तुमचं 64 हे वय ऐकून कुणी "आता तुमच्याने काय होणार" म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. कोर्ट शेवटी मुलाचं हित पाहतं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही लक्षात घेतं. नऊ वर्षांची मुलगी जजसाहेबांशी छान बोलते, मी पाहिलंय. एकीने तर त्यांनाच विचारलं, तुमच्याकडे मांजर आहे का.

आता करायचं काय. जावई पुढच्या वेळी येतील तेव्हा, फराळ झाल्यावर, मुलगी खाली खेळायला गेली की विषय काढा. "आम्हाला हक्क हवाय" असं सुरू करू नका. "शाळावाले दर वेळी तुमची सही मागतात, तुम्हाला पुण्याहून किती पळवायचं?" इथून सुरू करा. साधं संमतीपत्र लिहून घ्या : मुलगी अमुक तारखेपासून माझ्या संमतीने तिच्या आजी-आजोबांकडे राहते, तिची शाळा, दवाखाना, सहल, वसतिगृह, सरकारी अर्ज या कामांसाठी त्यांनी सही करायला माझी हरकत नाही. खाली त्यांचा पत्ता, फोन, आधारची प्रत. स्टँपपेपरवर, नोटरीसमोर. या कागदाने तुम्ही कायदेशीर पालक होत नाही, पण दहातली आठ दारं याने उघडतात. मूळ प्रत कपाटात, झेरॉक्स पर्समध्ये.

शाळेचं तर त्याहून सोपं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात "पालक" या शब्दाची व्याख्याच अशी आहे की मूल ज्याच्या सांभाळात आणि ताब्यात आहे ती व्यक्ती, आणि त्यात नैसर्गिक किंवा कोर्टाने नेमलेला पालकही आला. तुमची नात त्या कायद्याच्या वयात बसते. मुख्याध्यापकांना हे गोड शब्दांत, पण लेखी द्या आणि पोच घ्या. दवाखान्याचं म्हणाल तर बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या किंवा कायद्याने सांभाळ करणाऱ्या माणसाच्या संमतीने, सद्भावनेने केलेले उपचार हा गुन्हा होत नाही. पूर्वी हे दंडविधानाच्या कलम 89 मध्ये होतं, आता न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये. तरी मोठं ऑपरेशन असेल तर डॉक्टर वडिलांना विचारणारच, आणि विचारावंच.

बँकेने परत पाठवलं त्यात बँकेची चूक नाही. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच चालवू शकतो. पण नात लवकरच दहाची होईल ना? रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये नवे नियम आणले, त्यानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवता येतं. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जा, सही गिरवून ठेवायला सांगा.

कोर्टाची पायरी यानंतर. जावयांची हरकत नसेल तर ताबा तुमच्याकडे ठेवण्याचा अर्ज त्यांच्या संमतीने कौटुंबिक न्यायालयात करता येतो. मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट, म्हणजे तुम्हाला पुण्याला जायचं काम नाही. बाईमाणसाला आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. माझ्या धंद्याचं नुकसान होतंय, पण सांगून टाकलं.

पाटल्यांचं मात्र तुम्हाला आवडणार नाही. मुलीचे दागिने तिच्या पश्चात हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिच्या मुलाबाळांकडे आणि नवऱ्याकडे सारख्या वाट्याने जातात. मूल असताना आईवडिलांचा नंबर लागत नाही. म्हणजे निम्मा हिस्सा नातीचा, निम्मा जावयांचा. तुम्ही फक्त राखणदार. सराफ बाजारात नेऊन वजन करा, फोटो काढा, यादीवर तारीख घाला आणि एक प्रत जावयांना द्या. "तिच्यासाठी ठेवलंय" हे त्यांच्याकडूनही लिहून येईल, बहुतेक आनंदाने. न सांगता ठेवलेलं सोनं चार वर्षांनी नव्या सुनेच्या माहेरच्यांच्या बोलण्यात येतं. असं एक प्रकरण मी सात वर्षं चालवलं, दागिने होते पाच तोळ्यांचे.

बालसंगोपन मागायला लाजायचं काय? एक पालक गेलेल्या मुलांसाठीही ती योजना आहे. आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे आणि महिन्याला 2,250 रुपये मिळतात, वयाच्या अठरापर्यंत. पूर्वी 425 होते, तेव्हा लोक रिक्षाच्या भाड्याचा हिशेब करून यायचेच नाहीत. मुलीच्या आईचा मृत्यूदाखला, दोघांची आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि घरासमोर तिच्यासोबत काढलेला तुमचा फोटो घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा. ते नासर्डी पुलाजवळ, समाजकल्याणच्या आवारात आहे. तुमच्या पेन्शनचं तिथे खरं खरं सांगा, बसतं की नाही ते त्यांना ठरवू द्या. मग घरी चौकशीला माणूस येतो, आणि बाल कल्याण समिती आदेश काढते. चौकशीच्या दिवशी घर झाडून पुसून म्युझियम करू नका. पोरीचं दप्तर, तिची अभ्यासाची जागा दिसली पाहिजे. अर्जाला फी नाही, "मी करून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. मे महिन्यात नातीला पंधरा दिवस पुण्याला पाठवा. तुमच्या पोटात खड्डा पडेल, ठाऊक आहे. दुधावरची साय कुणी दुसऱ्याच्या पातेल्यात घालत नाही. पण ती अठराची होईल तेव्हा तुम्ही 73 च्या असाल. मध्ये तुम्हाला काही झालं तर तिला ज्या घरी जावं लागेल, ते घर तिने आधी पाहिलेलं हवं. नव्या आईच्या हातची भाजी खाल्लेली हवी, कुठल्या कपाटात टॉवेल असतात ते ठाऊक हवं. आणि बापाबद्दल घरात दबक्या आवाजात बोललेलं मुलांना सगळं ऐकू येतं. आमच्या वाड्यात भिंती जाड होत्या, मला तरी ऐकू यायचं.

प्रश्न : आम्ही सिन्नरजवळच्या गावात राहतो. 2021 च्या मे महिन्यात माझा भाऊ आणि वहिनी पाठोपाठ कोरोनाने गेले. भाचा तेव्हापासून आमच्याकडे आहे, आता पंधरा पूर्ण. सरकारकडून त्याच्या नावावर पैसे आलेत. भावकी म्हणते, आत्याने पैशासाठी पोरगा ठेवलाय. भावाची अडीच एकर जमीन चुलतभाऊ कसतो, त्याचाही हिशेब नाही. भाच्याला दत्तक घेतलं तर तोंडं बंद होतील का? — त्याची आत्या

उत्तर : तोंडं बंद करण्यासाठी दत्तक घेऊ नका, ती बंद होत नसतात.

1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल, तशी रूढी असल्याखेरीज, दत्तक घेता येत नाही. ते दार गेलं. बालन्याय कायद्यातून नातेवाइकांना दत्तक घेता येतं, त्यात आत्या बसते, आणि 1 सप्टेंबर 2022 पासून तो आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी मुलाचीही संमती लागते. त्याला एकट्याला, शेतावर जाताना वगैरे, विचारा : कागदावर आईबाप म्हणून आमची नावं आलेली तुला चालतील का? तो गप्प बसला तर ते उत्तर नाही असं धरा. भावाचं नाव त्याला हवं असेल. त्याच्याकडे भावाचं दुसरं काय उरलंय?

तुम्हाला खरी गरज आहे ती कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घेण्याची. आईवडील दोघंही नाहीत, म्हणून वरच्या आजींना येणारी अडचण तुम्हाला नाही.

जमिनीचं आधी. सातबारावर वारस नोंद झाली का ते बघा. मुलाच्या नावापुढे "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, म्हणून कुणाचं नाव लागलंय? चुलतभावाचं असेल तर घाबरू नका, पण झोपूही नका. नुसता सांभाळ करतो म्हणून अज्ञान मुलाची जमीन विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार कुणालाच नाही. चुलतभावालाही नाही, तुम्हालाही नाही. कोर्टाने नेमलेल्या पालकालासुद्धा परवानगी काढावी लागते. जमीन तो कसतोय तर कसू दे, पण खंड किती, कधी द्यायचा हे लिहून घ्या आणि पैसे मुलाच्या खात्यावर घ्या. रोख नको. यंदा कांद्याचं काय झालं हे गावाला ठाऊकच असतं, त्यामुळे "काही पिकलंच नाही" हे फार चालत नाही.

पैशाबद्दल भावकीला एकदा सगळ्यांसमोर सांगा. राज्याची पाच लाखांची ठेव मुलाच्या आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या जोडनावाने असते. पीएम केअर्सचे दहा लाख त्याला तेविसाव्या वर्षी मिळायचे आहेत. यातल्या एका रुपयालाही आत्या हात लावू शकत नाही. पासबुकं टेबलावर ठेवा, कुणाला वाचायची त्याने वाचावीत.

आणि अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज त्याच्या अठराच्या आत करून टाका. शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, आणि ते फक्त आश्रमात वाढलेल्यांना नाही, नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही आहे. हे सांगितल्यावर बायका मला म्हणतात, "अनाथ कसं लिहायचं हो, आम्ही आहोत ना?" तो दाखला सरकारला दाखवायचा आहे, भिंतीवर लावायचा नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. पेठ रोडला मामांकडे राहते. आई मी लहान असताना गेली, पप्पा कुठे आहेत ते कुणाला माहीत नाही. फॉर्मवर पालक म्हणून कुणाचं नाव लिहू? मामांचं लिहिलं तर माझं आडनाव बदलेल का? दुसरं म्हणजे मामी कधी काही बोलत नाहीत, पण मला वाटतं त्यांना माझा त्रास होतो. कसं विचारू?

उत्तर : बाळ, नाव आणि आडनाव जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या रजिस्टरवर जसं आहे तसंच राहील. वडिलांचं नाव त्यांच्या रकान्यात, ते कुठे आहेत हे माहीत नसलं तरी. आईचं नाव तिच्या रकान्यात. पालकाच्या जागी मामांचं नाव, नातं "मामा". यात खोटं काही नाही आणि तुझं काही बदलत नाही. स्पेलिंग मात्र आधार आणि शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघ. दहावीच्या मार्कशीटवरची चूक पुढे कुठे कुठे आडवी येते ते मी रोज बघते. बालसंगोपनचा अर्ज मामांनी केला नसेल तर वर जेलरोडच्या आजींना सांगितलंय ते त्यांना वाचून दाखव.

मामींचं. म्हणींनी मावशीला डोक्यावर घेतलं आणि मामीला कुणी विचारलं नाही, पण घरात एक ताट वाढतं तेव्हा ते मामीच वाढते. त्रास होत असेलच. चार माणसांच्या स्वयंपाकाची पाच झाली तर होतो. स्वतःच्या मुलांचाही होतो. "तुम्हाला माझा त्रास होतो का?" असं विचारलंस तर त्या बिचाऱ्या "नाही गं" म्हणतील आणि दोघींनाही अवघडल्यासारखं होईल. तसं विचारू नकोस. परीक्षा संपली की एखाद्या बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला त्यांच्याबरोबर जा. भाजी त्यांना निवडू दे, पिशवी तू धर. येताना त्या आपणहून काय बोलतात ते ऐक, आणि मला कळव.